सासूबाईंना डिमेन्शिया आहे, गाण्याचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ८२ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं (डिमेन्शियाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार) निदान झालं. माहेर पाटण तालुक्यातलं, लग्नानंतर लालबागच्या चाळीत, आता मुलाकडे डोंबिवलीला. अंघोळीला रोज वाद होतो आणि दिवस मावळायला लागला की "मला घरी जायचंय" सुरू होतं. गाण्याने फरक पडतो असं ऐकून मुलाने स्पीकर आणला, दिवसभर भक्तिगीतं लावून ठेवली, पण आई उलट जास्तच चिडायला लागल्या. सुनेने विचारलंय, उपयोग होतो का, कोणती गाणी लावावीत, आठवण परत येईल का. आणि "मला स्वतःला अजिबात गाता येत नाही" असंही लिहिलंय.

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात आशा गुंतलेली असते. आठवण परत येणार नाही. गाणं म्हणता म्हणता त्या अख्खा अभंग बिनचूक म्हणतील, तुम्ही थक्क व्हाल, आणि पाच मिनिटांनी तुम्हालाच "तू कोण गं?" असं विचारतील. अभंग आठवला म्हणजे आजार मागे सरला, असं नसतं. हे आधीच माहीत असलं तर तो अभंग तुम्हाला सुखाने ऐकता येईल, नाहीतर प्रत्येक वेळी काळीज तुटेल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी माणसाला अंघोळ-जेवणासारखी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. गेली बावीस वर्षं अशा घरांमध्ये जाऊन काम करते. लहानपणी मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं शिकले होते, ते या कामात रोज लागतं, पण त्यातला राग-तालाचा भाग फार थोडा लागतो. जास्त लागतं ते आजीकडून कानावर पडलेलं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंत, कोणती गाणी लावावीत. आपल्याकडे गाणं लावतातही आणि म्हणतातही. तुमच्या घरात सध्या गाणं लावलं जातंय. सासूबाईंच्या जागी बसून बघा: कुठून तरी आवाज येतोय, तो थांबत नाही, त्याच आवाजावर सून काहीतरी सांगतेय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, खाली रिक्षांचे हॉर्न. आपला मेंदू नको ते आवाज मागे ढकलतो. डिमेन्शियात ही चाळणीच फाटते, सगळे आवाज सारख्याच जोराने अंगावर येतात. मग माणूस चिडतो, आणि घरच्यांना वाटतं की आईला आता गाणंसुद्धा नकोसं झालंय. त्यांना नकोसा आहे तो न थांबणारा आवाज. म्हणून आजच्या आज स्पीकर बंद करा. यजमानांना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी मायेनेच आणलाय, आणि त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

ही चूक मीही केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका वृद्धाश्रमात चौदा जणांना गोल बसवून पेटी-ढोलकीसह दणक्यात भजन घेतलं. दहा-बारा जण टाळ्या वाजवत होते, मला वाटलं काय सुंदर जमलंय. कोपऱ्यातल्या एक आजी मात्र दोन्ही कानांवर पदर दाबून बसल्या होत्या, आणि माझं तिकडे लक्षच गेलं नाही. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत, असं तिथल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी गाताना गाण्याकडे कमी आणि समोरच्याच्या कपाळाकडे, बोटांकडे जास्त बघते.

गाणं टिकतं कसं, याचं थोडं विज्ञान सांगते. २०१५ साली लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आधी निरोगी माणसांमध्ये पाहिलं की जुनं ओळखीचं गाणं ऐकताना मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो, आणि मग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्याच भागाची किती झीज झालेली असते. इतर भागांच्या मानाने तो बराच शाबूत सापडला. हा भाग हालचालींची आखणी करणाऱ्या भागाशी जोडलेला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काल काय जेवलो ही आठवण वेगळ्या कप्प्यात असते. भाकरी थापणं, वेणी घालणं, फुगडीचा ठेका धरणं ही अंगात मुरलेली गोष्ट असते, आणि वर्षानुवर्षं म्हटलेलं गाणं याच दुसऱ्या कप्प्यात राहतं. ते त्यांना आठवावं लागत नाही, सुरुवात मिळाली की तोंडातून येतं.

उपयोग किती होतो, यावरही खरं तेच सांगते. वैद्यकीय उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२५ मध्ये डिमेन्शिया आणि संगीतावरच्या ३० चाचण्या एकत्र पाहिल्या. निष्कर्ष असा की उदासी बहुधा कमी होते, वागण्यातल्या एकंदर अडचणी कदाचित थोड्या कमी होतात, पण आक्रमकपणावर आणि बुद्धीच्या कामांवर फारसा फरक दिसत नाही. तुम्ही म्हणाल, मग आमच्या अंघोळीच्या भांडणाचं काय? तर या चाचण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी आठवड्यातून ठरावीक वेळा गाण्याची बैठक होते. अंघोळीच्या त्याच घटकेला, त्याच माणसाने, कपडे काढता काढता गुणगुणणं ही निराळी गोष्ट. त्यावर स्वीडनमध्ये २००० नंतरच्या वर्षांत एव्हा येटेल आणि सहकाऱ्यांनी काम केलं. सकाळचं आवरून देताना परिचारिका स्वतः गायल्या, तेव्हा त्यांना सूचना कमी द्याव्या लागल्या आणि तरीही रुग्णांना काय करायचंय ते जास्त कळलं. अभ्यास लहान होता, पण मी घरोघरी जे पाहते त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

म्हणून अंघोळीपासूनच सुरुवात करा. आत्ता बहुधा असं होत असेल: "आई चला, पाणी तापलंय, हात वर करा, अहो हात वर, इकडे वळा." एका दमात चार हुकूम. त्यांना त्यातला एकही पुरता कळत नाही, फक्त कोणीतरी आपल्याला ओढतंय आणि उघडं करतंय एवढं कळतं. त्याऐवजी न्हाणीघरात जायच्या पाच-सात मिनिटं आधी त्यांच्याजवळ बसून म्हणायला लागा. भूपाळी असेल, त्यांच्या गावच्या देवाचं काही असेल. त्या ओठ हलवायला लागल्या किंवा पाय हलला की हात धरून उठा आणि गाणं न तोडता चाला. बादली भरलेली हवी, स्टूल ठेवलेलं हवं, टॉवेल हाताशी हवा, म्हणजे "थांबा हं, साबण आणते" म्हणायची वेळ येत नाही. पाणी आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, ओळीच्या ठेक्यात. खांद्यावर एक कोरडा पंचा राहू द्या. डोक्यावरून पाणी शेवटी, किंवा त्या दिवशी नाहीच. बोलू नका, म्हणत राहा. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जरी विनाभांडण गेले तरी ती मोठी कमाई समजा. ओला बाथरूम आणि नाचता ठेका एकत्र आणू नका, घसरून पडण्याची भीती असते.

"मला गाता येत नाही" हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. तुम्हाला गायचं नाहीये, म्हणायचं आहे. आपण आरती गातो असं कोणी म्हणत नाही, आरती म्हणतो. सूर थोडा इकडेतिकडे झाला तर त्यांना खटकणार नाही, घाई मात्र लगेच खटकते. एक गोष्ट कसोशीने पाळा: खालच्या पट्टीत म्हणा. वय वाढलं की बायकांचा आवाज उतरतो. रेकॉर्डवरची गायिका उंच पट्टीत गाते, ८२ वर्षांच्या बाईला तिथे पोहोचता येत नाही, म्हणून ती गप्प बसते, आणि आपण म्हणतो की आई प्रतिसाद देत नाही. अगदी बोलल्यासारख्या आवाजात सुरू करा. घरात पेटी नसली तर फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप मिळतं, एकदा सूर लावून बघा आणि कानात ठेवा. लयही निम्मी करा.

आणि ओळीच्या शेवटी जागा सोडा. "सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता..." इथे थांबा. मनात पाच मोजा. आपल्याला ते पाच आकडे फार लांब वाटतात, पुढचा शब्द जिभेवर येतो, तरी गिळा. उरलेला शब्द त्या म्हणतील, नाही म्हणाल्या तर तुम्ही सहज म्हणून पुढे जा. दिवसभर ज्या माणसाला सगळे "नाही, तसं नाही" असं सांगत असतात, त्याच्या तोंडून बरोबर शब्द निघतो आणि गाणं त्याच्यामुळे पुढे जातं, तेव्हाचा चेहरा बघा. त्यासाठी मी पाचाचे दहाही मोजते.

मात्र परीक्षा घेऊ नका. "आई, सांगा बरं, हे कोणाचं गाणं?", "या ताईंना म्हणून दाखवा ना!" हे पाहुण्यांसमोर फार होतं. शब्द चुकला तर दुरुस्त करू नका, त्यांचाच शब्द घेऊन पुढे जा. आणि त्यांचं गाणं फोनवर टिपून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी थांबा. त्या आज हो किंवा नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या अब्रूची राखण आपल्याकडे आली आहे.

आता कोणती गाणी. म्हातारी माणसं म्हणजे भक्तिगीतं, हे आपण गृहीत धरतो आणि तिथेच चुकतो. मनात सर्वात खोल रुतलेली गाणी बहुतेकांची साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतची असतात. सासूबाई ८२ च्या, म्हणजे हिशेब १९५३ ते १९६८ च्या आसपास जातो. त्या काळात त्यांच्या कानावर नक्की काय पडत होतं? पुण्याच्या आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गीतरामायणाची ५६ गीतं प्रसारित झाली. पुण्यातल्या पेठेत त्याच वयाची मुलगी रेडिओजवळ बसून ती ऐकत होती, तिच्यासाठी मी ती आवर्जून म्हणते. पण पाटण तालुक्यातल्या खेड्यात, रेडिओ नसलेल्या घरात वाढलेल्या मुलीला ती पुढे ऐकीव म्हणून आवडतील, अंगात मुरलेली नसतील. तिच्या अंगात काय असेल? पहाटेचं जातं. हादग्याची गाणी, पंचमीचे फेर, झिम्मा-फुगडी. देवळातला हरिपाठ. लग्नातली हळदीची गाणी. जत्रेतल्या तमाशातलं, लांबून ऐकलेलं काहीतरी. नंतर लालबागला आल्यावर चाळीतलं भजनी मंडळ, गणपतीतल्या आरत्या, शाहिरांचे आवाज, शेजारच्या खोलीतला रेडिओ.

एका घरी आजी कुठल्याच अभंगाला दाद देत नव्हत्या. मुलगे म्हणायचे, आई फार देवभोळी. मी सहज एका लावणीचा ठेका मांडीवर वाजवला तर आजींची मान डोलली, भुवई उडाली, आणि त्यांनी पुढची ओळ अशा काही नखऱ्याने म्हटली की मुलगे लाजून स्वयंपाकघरात गेले. पन्नास वर्षं त्या घरात आई म्हणून वावरल्या, त्याआधी त्या गावातली एक हसरी मुलगी होत्या, आणि ती अजून तिथेच होती. घरच्यांना मी एवढंच सांगितलं की लाजू नका, हे त्यांचं आहे.

तुमच्या सासूबाईंसाठी मला सर्वात जास्त भरवसा जात्यावरच्या ओव्यांचा वाटतो. ओवी पाठ केलेली नसते, खुंटा फिरवता फिरवता सुचत गेलेली असते, हाताच्या फेऱ्याला बांधलेली असते. टेबलावर एक थाळी पालथी घाला, त्यावर त्यांचा हात ठेवा, वर तुमचा हात, आणि गोल फिरवत "पहिली माझी ओवी गं" एवढंच म्हणा. पुढे काय येतं ते ऐका. अर्धी ओवी येईल, आईचं नाव येईल, भावाचं येईल, पंढरी येईल. कधी नुसता "गं बाई" असा हेल येईल, तोही पुरे. तुम्हाला ओव्या माहीत नसतील तर हेमा राइरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या आहेत. त्यातल्या कितीतरी पारी या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. चाल आणि हेल पकडण्यासाठी त्या तुम्ही ऐका, सासूबाईंसमोर मात्र तुमच्या आवाजात म्हणा.

संध्याकाळचं. "मला घरी जायचंय" याला "अहो आई, हेच आपलं घर" हे उत्तर देऊ नका. त्या पत्ता विचारत नसतात. दिवेलागणीला घरी परतायचं, चूल पेटवायची, पोरं गोळा करायची, ही साठ वर्षांची सवय त्यांना उठवते आणि हाताला काम मिळत नाही. उजेड कमी व्हायच्या आधीच घरातले दिवे लावा, लांब सावल्यांनी घाबरायला होतं. टीव्ही बंद. मग रोज त्याच वेळी, त्याच जागी देवापाशी "शुभं करोति". त्यानंतर मटार सोलायला द्या, जुड्या निवडायला द्या, आणि शेजारी बसून गुणगुणा. तुमचे यजमान त्या वेळी घरी असतील तर हे काम त्यांचं. मुलाच्या आवाजातली आरती आईला जितकी ओळखीची, तितका स्पीकर कधीच होणार नाही. नातवंडांनाही घ्या, मात्र एका वेळी एकालाच.

आणलेला स्पीकर कधी वापरायचा? तुम्हाला स्वयंपाकाला, स्वतःच्या अंघोळीला वेळ हवा तेव्हा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, मग शांतता. गाण्यांच्या मध्ये जाहिरात येणार नाही अशी सोय करा, अभंगानंतर अचानक ओरडणारी जाहिरात ही त्यांच्यासाठी घरात घुसलेला परका माणूस असते. कानात घालायची बोंडकी (इयरफोन) काहींना चालतात, काही जण आवाज कुठून येतोय हे न कळून घाबरतात. आणि हे सगळं करण्याआधी एकदा कान तपासून घ्या. मळ साचल्यामुळे ऐकू न येणारी आणि त्यामुळे प्रतिसाद न देणारी किती माणसं पाहिली असतील, सांगता येत नाही.

कधी गाणं ऐकून त्या रडतील. घाबरून गाणं तोडू नका. हात धरा, चाल हळू करून नुसतं गुणगुणा, बघा. रडताना खांदे सैल होत असतील, श्वास लांब होत असेल, तर ते रडू त्यांना हवं आहे. मुठी आवळल्या, श्वास कोंडला, नजर भिरभिरली, तर दुसऱ्या चालीवर या आणि ते गाणं वहीत लाल शाईने लिहून ठेवा. एक आजोबा एका साध्या बडबडगीताला असे कोंडायचे. त्यांचं पहिलं मूल तान्हेपणी गेलं होतं, हे पुष्कळ उशिरा त्यांच्या भावाकडून कळलं.

काही गोष्टी गाण्याने सोडवायच्या नसतात. त्या अचानक, एक-दोन दिवसांत जास्त गोंधळल्या, रात्रभर जागल्या, गुंगीत राहू लागल्या तर डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, शौचाला न होणं, दुखणारी दाढ, बदललेलं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो ओरडतो किंवा मारतो, त्याच्यापुढे भूपाळी म्हणत बसणं अन्यायाचं आहे. डिमेन्शियाच्या काही प्रकारांत भास होतात, अशा माणसाला स्पीकरमधला आवाज खोलीत कोणी आलंय असा वाटू शकतो. तुमच्या पत्रावरून सासूबाईंना असं काही होत नसावं, पण रात्री त्या कोणाशी बोलताना दिसल्या तर डॉक्टरांना सांगा.

तुमच्याबद्दलही एक ओळ पत्रात आहे, "मी दिवसभर एकटीच असते". २०१४ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी ८९ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, एक रुग्ण आणि एक सांभाळणारा अशी जोडी. दहा आठवडे काही जोड्यांना एकत्र गायला शिकवलं, काहींना एकत्र गाणं ऐकायला. रुग्णांचं मन सुधारलंच, पण सांभाळणाऱ्यांचंही बरं झालं. तेव्हा फक्त त्यांच्यासाठी म्हणताय असं समजू नका. खूपच कोंडमारा झाला तर मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या सोयींबद्दल विचारायला १४५६७.

पाटणला सासूबाईंची धाकटी बहीण आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना या रविवारी फोन लावा, सकाळी लावा, सासूबाई ताज्या असतील तेव्हा. "मावशी, तुम्ही दोघी दळायला बसायचात तेव्हा कोणत्या ओव्या म्हणायचात?" एवढंच विचारा आणि त्या म्हणतील ते टिपून घ्या, तिकडचे शब्द, तिकडचा हेल, जसाच्या तसा. जात्याच्या खुंट्यावर दुसरा हात त्यांचाच होता. जमलं तर फोनचा आवाज मोठा करून सासूबाईंच्या जवळ धरा, थाळी पालथी घालून ठेवा, आणि तुम्ही काही बोलू नका.